सिटी व्हीटेक (मॉडिफाइड) : गरम झाल्यावर आरपीएम ९०० ते १८०० झोके घेतोय, एसी लावला की बंद पडायला येते

होटगीरोडकर | रविवार, सकाळी ८:१०

गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२, एमएच १३. केलेले बदल : ४-२-१ हेडर (एक्झॉस्टच्या मूळ मॅनिफोल्डऐवजी सुटे पाइप), फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर. दोन महिन्यांपूर्वी मूळ थ्रॉटल बॉडी (पेडल दाबलं की हवेची वाट उघडणारा भाग) काढून बाहेरच्या १.६ सिव्हिकची सेकंडहँड, मोठ्या तोंडाची बसवली. कॅम, पिस्टन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीचेच.

थंड इंजिनला काही तक्रार नाही. १५०० वर सुरू होते आणि शांत राहते. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की खेळ सुरू : १८००, धपकन ९००, परत १८००. एका झोक्याला साधारण दोन सेकंद. आरपीएम खाली असताना नेमका एसीचा क्लच बसला तर ५०० वर येऊन गाडी थरथरते, कधी बंदच पडते. सकाळी जास्त त्रास, सध्या थंडीही आहे. दुपारी नवी पेठ ते सात रस्ता गर्दीत अर्धा तास अडकलं की आपोआप शांत होते. हैदराबाद रोडला पंधरा मिनिटं ८० ने पळवून सिग्नलला थांबलं की पुन्हा सुरू.

गॅरेजमध्ये आतापर्यंत बदललं : चारही प्लग, आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह (पेडल सोडलेलं असताना इंजिनला हवा देणारा), एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर (चार तारांचा युनिव्हर्सल). ऑक्सिजन सेन्सर बदलल्यापासून चेक लाइट कायम लागलेला. आता ईसीयू बदला म्हणताहेत.

टॉपगिअर_बाळे | रविवार, सकाळी ८:३५

मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) साफ करा. कोन फिल्टरचं तेल त्यावर बसतं आणि आयडल बिघडतो. स्प्रे मिळतो त्याचा, दहा मिनिटांचं काम.

मीटर_आधी | रविवार, सकाळी ९:२०

बाळेवाले, या गाडीत मॅफ नाहीच हो. मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर (दाब मोजणारा) आहे. आत येणारी हवा ही गाडी मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यावरून ती हिशोब मांडते. हा फरक नीट कळला तर अर्धं निदान तिथेच होतं.

मॅफच्या गाडीत सेन्सरच्या पुढे कुठे हवा गळून आत आली तर ती हिशोबात येत नाही. मिश्रण पातळ होतं आणि गाडी मिसिंग मारते. मॅपच्या गाडीत गळून आलेली हवासुद्धा दाबात दिसते. ईसीयू तिच्या मापाने पेट्रोलही वाढवतो. म्हणून मिसिंग नाही, उलट आरपीएम चढतो. तुमचा झोका त्यातूनच येतोय : जादा हवेने आरपीएम वर गेला, पाय तर पेडलवर नाही, तेव्हा ईसीयूला वाटतं गाडी उतारावर ढकलली जातेय. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडला की परत देतो. परत चढतो, परत तोडतो. इंजिन थंड असताना पेट्रोल तोडायची मर्यादा बरीच वर असते, म्हणून तेव्हा शांत. म्हणजे कुठून तरी हवा जादा येतेय. ईसीयू त्याचं काम बरोबर करतोय, त्याला हात लावू नका.

आधी कोड वाचा. डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला कुठेच न जोडलेला दोन पिनांचा कनेक्टर सापडेल. शेजारी तीन पिनांचा दिसला तर तो सोडा. दोन्ही पिना तारेने जोडा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक लाइट लुकलुकेल. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ३ मॅप, ६ कूलंटचं तापमान, ७ थ्रॉटल पोझिशन, १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, १४ आयडल व्हॉल्व्ह, ४१ ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.

मग मल्टिमीटर घेऊन ही मापं टाका. साधा पाचशे-सातशेचा चालतो, बॅटरी मात्र नवी घाला, नाहीतर आकडेच खोटे येतात.

१) थ्रॉटल पोझिशन सेन्सरची मधली तार, चावी ऑन : पेडल सोडलेलं आणि पूर्ण दाबलेलं.
२) मॅप सेन्सरची सिग्नल तार : इंजिन बंद असताना आणि चालू असताना.
३) कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढून दोन पिनांमधले ओहम, इंजिन गरम असताना.
४) आयडल व्हॉल्व्हच्या पिनांमधले ओहम, किती तारांचा आहे तेही लिहा.
५) इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेला : बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते सेन्सरची अर्थ (अर्थिंगची) तार. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा.

लूमवाला | रविवार, सकाळी ११:०५

कोन फिल्टरविषयी एक. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे रोज जाणं असेल तर फिल्टर दर महिन्याला काढून बघा. लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडबाहेर हवेत कापसाचा तंतू असतो. तेल लावलेल्या कॉटन फिल्टरवर तो असा चिकटतो की बाहेरून फिल्टर पांढुरका, फेल्टसारखा दिसायला लागतो. कॉम्प्रेसरने बाहेरून हवा मारू नका, तंतू आत घुसतात. आतून बाहेर, लांबून, कमी दाबाने मारा. धुतला तर सावलीत पूर्ण वाळवा आणि तेल थोडंच लावा. तेल ठिबकत असेल तर तुम्ही दुप्पट लावलंय. तेलाने मॅप सेन्सर बिघडत नाही, पण थ्रॉटलच्या पातीवर काळा थर बसतो आणि पाती बंद होताना अडते.

दुसरं : कोन फिल्टर बसवताना व्हॉल्व्ह कव्हरचा ब्रीदर पाइप कुठे गेला बघा. बऱ्याच गॅरेजमध्ये तो तसाच मोकळा सोडतात. या गाडीत त्याने आयडल बिघडत नाही, पण मोकळ्या पाइपातून काळ्या रानाची धूळ थेट ऑइलमध्ये जाते.

होटगीरोडकर | रविवार, संध्याकाळी ६:५०

मोजलं. कोड एकच : चार लांब, एक छोटी, म्हणजे ४१.

थ्रॉटल पोझिशन : पेडल सोडून ०.८८ व्होल्ट, पूर्ण दाबून ४.४.
मॅप : इंजिन बंद २.७५ व्होल्ट, चालू असताना झोक्याबरोबर ०.९ ते १.३.
कूलंट सेन्सर : ३२० ओहम.
आयडल व्हॉल्व्ह : दोन तारांचा, ११ ओहम.
अर्थ : २४० मिलिव्होल्ट.

मॅपचा आकडा गॅरेजमध्ये कमी वाटला. पुस्तकात म्हणे २.९ पाहिजे, म्हणून सेन्सर गेला. व्हॅक्यूम गेजही कमी दाखवतंय म्हणाले.

मीटर_आधी | रविवार, रात्री ९:१५

मॅप सेन्सर गेलेला नाही. पुस्तकातला २.९ समुद्रसपाटीचा आहे. सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब १०१ किलोपास्कल कधीच मिळणार नाही, ९५-९६ च्या आसपास राहतो. त्या प्रमाणात व्होल्टही कमी येणार. २.७ ते २.८ म्हणजे सेन्सर एकदम ठणठणीत. व्हॅक्यूम गेजचंही तेच. पुस्तक १८ ते २१ इंच सांगतं, आपल्याकडे दीड इंच वजा करा. इथे १७ आलं म्हणून व्हॉल्व्ह गळताहेत असं सांगून हेड खोलायला लावलं तर नम्रपणे गाडी घेऊन घरी या.

कूलंट सेन्सर ठीक. गरम इंजिनला २०० ते ४०० ओहम चालतं. थंड असताना दोन-अडीच हजारांच्या घरात असतो. आयडल व्हॉल्व्हची कॉइलही ठीक. जुना व्हॉल्व्ह फेकला नसेल तर त्याचेही ओहम बघा, बहुतेक तोही चांगलाच निघेल.

आता तीन चुका दिसताहेत.

अर्थ. २४० मिलिव्होल्ट फार झाले, १०० च्या आत पाहिजे. सेन्सरची अर्थ पाव व्होल्ट उचलली की ईसीयूला सगळेच सिग्नल तेवढे सरकलेले दिसतात. या इंजिनात ईसीयूची अर्थ थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर एका बोल्टला येते. हेडर किंवा थ्रॉटलच्या कामात तो बोल्ट खोलून रंगावर, नाहीतर गंजावर परत बसवला असेल. काढा, तारेचं टोक आणि खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा. व्हॉल्व्ह कव्हरपासून बॉडीला येणारी आणि गिअरबॉक्सपासून बॅटरीला जाणारी, या दोन्ही पट्ट्याही बघा.

कोड ४१. हे वायरिंग उलटं आहे, पैजेवर सांगतो. युनिव्हर्सल सेन्सर रंग बघून जोडला जातो आणि गोची रंगातच आहे. बॉशच्या रंगसंगतीत दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची. डेन्सोच्या संगतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची! पांढऱ्याला पांढरी, काळीला काळी जोडली की हीटर मेला. सेन्सर मोकळा करून ओहम मोजा. ज्या दोन तारांमध्ये पाच ते वीसच्या आसपास ओहम मिळतील त्या हीटरच्या, बाकी जोड्या ओपन दाखवतील. तारा डाक देऊन जोडू नका, क्रिंप करा. बरेच सेन्सर तारेच्या आतूनच बाहेरची हवा घेतात, डाक आणि फ्लक्सने ती वाट बुजते.

थ्रॉटल ०.८८. बंद पातीला अर्ध्या व्होल्टच्या आसपास पाहिजे. पण लगेच सेन्सरचे स्क्रू खोलू नका. आधी पातीच्या स्टॉप स्क्रूकडे बघा. तो आयडल सेट करायचा स्क्रू नाही. कंपनी तो बसवून त्यावर रंगाचा ठिपका देते. ठिपका तुटलेला असेल तर कुणीतरी त्यानेच आयडल वाढवायचा उद्योग केलाय आणि पाती अर्धवट उघडी आहे.

टॉपगिअर_बाळे | रविवार, रात्री ९:४०

मॅफ नाही हे मान्य, शब्द मागे घेतला. पण हेडर लावलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असतो तोही बघा की ओ. हेडच्या पॅकिंगपाशी टिक-टिक आवाज येतो, थंड इंजिनला जास्त, गरम झाल्यावर धातू फुगून कमी होतो. एक्झॉस्टच्या ठोक्यामागोमाग तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवत बसतो. प्लग काळे, ॲव्हरेज गेलं आणि सेन्सर ओरडतोय पेट्रोल कमी! हेडरवर बंग (सेन्सर पिळायची आट्यांची बुश) कुठे वेल्ड केलाय तेही बघा. सेन्सरची तारेकडची बाजू आडव्या रेषेच्या निदान दहा अंश वर पाहिजे, ती खाली असली तर सकाळचं पाणी त्यात साचून आतलं सिरॅमिक तडकतं.

होटगीरोडकर | सोमवार, रात्री ८:३०

स्टॉप स्क्रूवरचा ठिपका तुटलेलाच होता. स्क्रू मागे घेतला, पाती पूर्ण बंद होऊ दिली, मग ती भिंतीला चिकटून अडकणार नाही इतपतच पुढे आणला. आता थ्रॉटल ०.५३ व्होल्ट. थर्मोस्टॅटवरच्या अर्थच्या बोल्टखाली चक्क रंग होता. साफ केल्यावर ७० मिलिव्होल्ट. सेन्सर खरंच डेन्सो रंगाचा निघाला. तारा बदलून क्रिंप केल्या, फ्यूज काढून कोड पुसला, चेक लाइट गेला. एक्झॉस्टला टिक-टिक नाही.

पण झोके आहेतच. आता १००० ते १५००, आणि आधीपेक्षा जास्त जलद. म्हणजे बिघाड वाढला की काय?

मीटर_आधी | सोमवार, रात्री ९:०५

वाढला नाही. दोन वाटांनी हवा येत होती, एक बंद झाली. आधी बंद पातीलाही ०.८८ दिसत होते, म्हणून ईसीयूला पाय पेडलवर आहे की नाही याचाच गोंधळ होता. आता त्याला पाती बंद कळतेय, म्हणून तो वेळेवर पेट्रोल तोडतोय. दुसरी वाट शोधा.

जुना_कार्ब | सोमवार, रात्री ९:५०

लीक शोधताना एक कळकळीची सूचना : कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघायची पद्धत हेडर लावलेल्या गाडीत वापरू नका. मूळ मॅनिफोल्डवर पत्र्याचं कवच असतं, हेडर उघडा असतो आणि तापून लाल व्हायच्या बेतात असतो. क्लीनर त्यावर पडला की भडका. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो बघणारेही आहेत. इंधनाच्या पाइपाशेजारी पेटती उदबत्ती म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

साबणाचं पाणी छोट्या स्प्रेच्या बाटलीत घ्या. इंजिन चालू ठेवून थ्रॉटलचं पॅकिंग, मॅनिफोल्डचा हेडकडचा सांधा, इंजेक्टरच्या सील, ब्रेक बूस्टरच्या पाइपाचं टोक यावर एकेक करून मारा. लीक असेल तिथे फेस आत शोषला जातो आणि क्षणभर आवाज बदलतो. नंतर रबरी होज एकेक चिमट्याने दाबा, टोकाला कापड गुंडाळून. जो दाबल्यावर झोके थांबतात तो गुन्हेगार. बूस्टरचा पाइप दाबल्यावर फरक पडला तर गाडी रस्त्यावर काढू नका.

थ्रॉटल बदललीय तेव्हा पॅकिंगही तपासा. १.५ चं जुनं पॅकिंग मोठ्या तोंडाच्या थ्रॉटलला लावलं की कडेला अर्धचंद्रासारखी जागा उघडी राहते किंवा पॅकिंग हवेच्या वाटेत डोकावतं.

एवढं करून सापडलं नाही तर कोन फिल्टरचा पाइप काढा, इंजिन गरम असताना थ्रॉटलच्या तोंडात बघा. पातीच्या अलीकडे दोन छोटी भोकं आहेत. वरच्यावर बोट ठेवलं तर आयडल व्हॉल्व्हची हवा बंद होते, खालच्यावर ठेवलं तर फास्ट आयडल थर्मो व्हॉल्व्हची. गरम इंजिनला खालच्या भोकात ओढ जाणवायलाच नको.

होटगीरोडकर | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

पॅकिंग बरोबर मापाचं आहे. साबणाच्या पाण्याने कुठे फरक नाही. होज दाबून नाही.

खालच्या भोकावर बोट ठेवलं तर बोट ओढलं जातं आणि झोके जागच्या जागी थांबतात! आरपीएम ७०० वर येऊन स्थिर. बोट काढलं की पुन्हा सुरू.

आणि एक दिसलं. थ्रॉटलच्या खाली ॲल्युमिनियमचा जो तुकडा आहे त्याला कूलंटच्या पाइपांसाठी दोन तोंडं आहेत, ती दोन्ही मोकळी. इंजिनकडचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकलेत. विचारलं तर गॅरेजचं उत्तर : 'आपल्याकडे थ्रॉटल गरम करायची काय गरज, सोलापूर आहे हे. गार हवा मिळाली तर ताकद वाढते.'

जुना_कार्ब | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

सापडला. तेच ते.

त्या तुकड्यात मेणाची गोळी असलेला व्हॉल्व्ह आहे. थंड असताना तो उघडा, जादा हवा देतो, म्हणून सकाळी १५०० मिळतात. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह मिटतो. कूलंटच पोचत नसेल तर त्याच्या लेखी इंजिन जन्मभर थंडच. पाइप जोडताना कुणाला वाटलं थ्रॉटलला गोठू नये म्हणून बर्फाळ देशात दिलेली सोय आहे ही. पण तेच पाणी या व्हॉल्व्हलाही सांगतं की इंजिन तापलं. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच खूण होती : गर्दीत अर्धा तास अडकल्यावर शांत, ८० ने पळवल्यावर परत सुरू. गर्दीत बॉनेटखालच्या धगीने तो तुकडा बाहेरूनच तापतो आणि थोडाफार मिटतो. रस्त्याला लागलं की वारा त्याला गार करतो.

पाइप जोडायच्या आधी व्हॉल्व्ह जिवंत आहे का बघा, सेकंडहँड आहे. स्क्रू काढून तो तुकडा सोडवा. जुन्या पातेल्यात (चहाच्या नको) पाणी उकळीच्या जरा खाली आणा, तुकडा पाच मिनिटं बुडवा, बाहेर काढून हवेच्या भोकातून फुंका. हवा जायला नको. गार झाल्यावर जायला पाहिजे. गरम असूनही हवा जात असेल तर मागचं झाकण उघडा. आत प्लास्टिकची आट्यांची रिंग असते, ती वर्षानुवर्षांच्या थरथरीने सैल होते. हलक्या हाताने बसेपर्यंत फिरवा, जोर लावला तर तुटते. ओ-रिंग चपटी झाली असेल तर तीही बदला.

टॉपगिअर_बाळे | मंगळवार, रात्री ८:३०

एवढा खटाटोप कशाला? तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कापून व्हॉल्व्हची वाटच बंद करा. नंतरच्या होंडांमध्ये हा व्हॉल्व्ह कंपनीनेच काढला. आपल्याकडची थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे १५ अंश. तेवढ्याला आयडल व्हॉल्व्ह एकटा पुरतो.

मीटर_आधी | मंगळवार, रात्री ८:५५

पट्टी चालते, चुकीचं नाही. दोन अटी. नंतरच्या गाड्यांत आयडल व्हॉल्व्ह रोटरी, जास्त हवा देणारा होता. यांचा दोन तारांचा जुना आहे, थंडीत पहिले एक-दोन मिनिटं थोडी रेस द्यावी लागेल. आणि पट्टीखाली नीट पॅकिंग नसेल तर नवा लीक तयार. व्हॉल्व्ह पाण्याच्या परीक्षेत पास झाला तर पाइप जोडणंच बरं, तिसऱ्या माणसाने गाडी उघडली तर त्याला सगळं जागच्या जागी मिळतं.

पाइप जोडले की सिस्टीममध्ये हवा जाणार, ती काढल्याशिवाय आयडलचं काही ठरवू नका. हवेचा बुडबुडा या व्हॉल्व्हमध्ये किंवा कूलंट सेन्सरपाशी अडकला तरी असाच झोका येतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर. वरच्या होजपाशी हवा काढायचा बोल्ट असेल तर तो ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओता. बोल्ट जुना असतो, जोर लावू नका. मग इंजिन चालू ठेवून फॅन दोनदा लागेपर्यंत थांबा, पातळी भरा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको, या व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत क्षार आधी बसतात.

त्यानंतर मूळ आयडल बसवा. गॅरेजमध्ये तो स्क्रूही फिरवला असणारच :

फॅन दोनदा लागून गेलेला, एसी, लाइट, ब्लोअर बंद. आयडल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा. पेडलने हजारवर धरून इंजिन सुरू करा, हळूहळू सोडा. बंद पडत असेल तर थ्रॉटलच्या माथ्यावरचा आयडल स्क्रू थोडा बाहेर. ४५० च्या आसपास आणा, पन्नास इकडे-तिकडे चालेल. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो घ्या. इंजिन बंद, कनेक्टर परत, बॅक-अपचा साडेसात अँपिअरचा फ्यूज दहा सेकंद काढा. घड्याळ आणि रेडिओ पुसले जातील. परत लावून दहा मिनिटं काहीही न लावता आयडलवर सोडा.

एसीचा प्रश्न यातच सुटावा. एसीचं बटण दाबलं की ईसीयू आयडल व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि मगच क्लच बसू देतो. जादा हवा दुसरीकडून येत असताना तो व्हॉल्व्ह जवळपास पूर्ण मिटून बसलेला असतो, झोक्याच्या तळाला क्लच बसला की सावरायला वेळच मिळत नाही.

लूमवाला | बुधवार, सकाळी १०:१५

इतकं खोलताय तर त्या थर्मो व्हॉल्व्हच्या पाइपांचं रबर नवं घ्या. जोडून टाकलेला जुना तुकडा वाकून तडकलेला असतो. घेताना इंधनाचा नको, कूलंटचाच होज मागा, आतलं माप पाइपाच्या तोंडावर कॅलिपरने बघून. आणि पेट्रोलचे रबरी तुकडे २००२ चेच असतील तर तेही एकदा दाबून बघा. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, जुनं रबर त्यात मऊ पडून फुगतं.

होटगीरोडकर | बुधवार, सकाळी ११:३०

ई-२० मुळे आयडलवर काही परिणाम?

मीटर_आधी | बुधवार, दुपारी १:००

थोडा. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, ई-१० ला १४.१, ई-२० ला १३.५ च्या जवळ. म्हणजे त्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जादा लागतं. ऑक्सिजन सेन्सर जिवंत असेल तर ईसीयू तेवढं गरम इंजिनला स्वतः सावरतो. इंजिन थंड असताना सेन्सरचं ऐकतच नाही, म्हणून सकाळी पहिलं मिनिट मिश्रण किंचित पातळ. हीटर मेलेला सेन्सर घेऊन ई-२० वर फिरणं मात्र वाईट, आयडलला सेन्सर गार पडतो आणि ईसीयू आंधळा. तुमचा ४१ गेला हे म्हणूनच महत्त्वाचं. तपासायचं असेल तर सिग्नलच्या तारेला मीटर लावा, गरम इंजिन २५०० वर धरा. ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली झालं पाहिजे, दहा सेकंदांत निदान पाच-सहा वेळा. एका आकड्यावर चिकटून बसला तर सेन्सर किंवा वायरिंग.

हेडरबरोबर कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला असेल तर परत बसवा. पीयूसी आणि आरटीओ दोन्हीकडे अडाल.

होटगीरोडकर | शुक्रवार, रात्री ९:१०

झालं. व्हॉल्व्ह गरम पाण्यात तीन मिनिटांत मिटला. झाकण उघडल्यावर प्लास्टिकची रिंग साधारण अर्धा आटा सैल निघाली, बसवली. ओ-रिंग नवी. दोन्ही पाइप नवे, हवा काढली, दीड लिटरच्या आसपास कूलंट गेलं. मूळ आयडल ४७० वर बसवला. आयडल स्क्रू पूर्ण आत पिळलेला होता, पावणेदोन आटे बाहेर आणावा लागला.

आताचे आकडे : सकाळी १४५० वर सुरू, चार मिनिटांत ७५०. एसी लावल्यावर क्षणभर ७००, मग ८००. मॅप गरम आयडलला ०.९५ व्होल्ट, काटा हलत नाही. ऑक्सिजन सेन्सर २५०० ला दहा सेकंदांत सात वेळा वर-खाली. तुळजापूर घाट चढून उतरून आलो, खाली थांबल्यावरही ७५०.

एकच राहिलं. ७५० ला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर आहे, ९०० ला नाही. आरपीएम मात्र स्थिर आहे.

जुना_कार्ब | शुक्रवार, रात्री ९:४०

काटा स्थिर आणि थरथर आहे म्हणजे सेन्सरचं काम संपलं, आता रबराकडे बघा. हेडर बसवताना इंजिन तिरकं करावं लागतं, तेव्हा पुढचं माउंटिंग ताणलं जातं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी हळू रेस द्यायला सांगा. इंजिन एका बाजूला बोटभर उचललं जात असेल तर त्या बाजूचं माउंटिंग फाटलंय. तसं नसेल तर सगळ्या माउंटिंगचे बोल्ट अर्धा आटा ढिले करा, इंजिन आयडलवर दोन मिनिटं चालू द्या म्हणजे ते स्वतःच्या जागी बसेल, मग बंद करून कसा. हेडरचा पाइप सबफ्रेमला कुठे टेकत नाही ना तेही बघा. टेकत असेल तर तिथे धातू घासून चकचकीत झालेला दिसेल.

होटगीरोडकर | शनिवार, दुपारी १२:२०

चकचकीत खूण आहे. हेडरचे दोन पाइप जिथे एक होतात तिथे, क्रॉसमेंबरला, नखाएवढी. मागचा हँगर एक भोक वर घेतला, पाच मिलिमीटर जागा झाली. थरथर गेली.

टॉपगिअर_बाळे | शनिवार, दुपारी १:०५

जुना आयडल व्हॉल्व्ह फेकला नसेल तर ओहम बघून सांगा हो, मला पाहिजे.

होटगीरोडकर | शनिवार, दुपारी १:३०

१०.८ ओहम, जाळी साफ. आसरा चौकात येऊन घेऊन जा.